पन्नास वर्षांचा नेम: बेर्न्ट आणि हिला बेशर यांचे फोटो

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'अं', 'म्हणजे कसं' वगैरे येतं ते थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग फोटोंबद्दल आहे आणि पॉडकास्टमध्ये फोटो दाखवता येत नाहीत, ही पहिली अडचण. त्यामुळे एक करा. ऐकता ऐकता फोनवर 'बेशर' हे नाव शोधा. स्पेलिंग आहे बी-ई-सी-एच-ई-आर. आपण ते 'बेचर' असं वाचू, पण जर्मन उच्चार 'बेशर'च्या जवळ जातो. गाडी चालवत असाल तर अर्थातच आत्ता नको, घरी पोचल्यावर बघा.

दुसरी अडचण नावाची. हे एक जोडपं आहे आणि त्यातल्या बाईंचं नाव आहे हिला. मराठीत 'हिला' म्हटलं की समोरचा विचारणार, 'कुणाला?' म्हणून मी आपल्या पद्धतीने त्यांना हिलाबाई म्हणणार आहे. नवऱ्याचं नाव बेर्न्ट.

तर शोधल्यावर काय दिसतं? काळ्या-पांढऱ्या फोटोंचा एक चौकोन. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन फोटो, आणि नऊच्या नऊ फोटोंत पाण्याच्या टाक्या. प्रत्येक टाकी फोटोच्या बरोबर मधोमध. मागे सपाट राखाडी आकाश. ऊन नाही, सावली नाही, माणूस नाही. खाली स्क्रोल केलं की पुढचा चौकोन, त्यात गॅसच्या टाक्या. मग कूलिंग टॉवर. मग झोतभट्ट्या, म्हणजे खनिजापासून लोखंड काढतात त्या. मग खाणीच्या तोंडावरचे मनोरे, ज्यांच्यावरच्या चाकांवरून दोर खाली जातात आणि माणसं, कोळसा वर-खाली करतात. असं स्क्रोल करत राहा, संपतच नाही.

माझा एक मित्र सिव्हिल इंजिनिअर आहे, पाणीपुरवठ्याच्या कामांची टेंडरं भरतो. त्याला मी हे फोटो दाखवले. दोन मिनिटं बघून म्हणाला, "अरे, हे तर आमच्या फाइलमधले फोटो. बिल निघायच्या आधी आम्हाला असेच काढून जोडावे लागतात."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाहीये. पण मग १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेमध्ये या दोघांना सुवर्णसिंह पुरस्कार का मिळाला? आणि गंमत म्हणजे तो मिळाला शिल्पकलेसाठी. फोटो काढणाऱ्यांना शिल्पकलेचं बक्षीस! २००४ मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, तो फोटोग्राफीतला फार मानाचा. दोघंही गेल्यानंतर, २०२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. टेंडरच्या फाइलमधल्या फोटोंचं असं होत नाही. फरक कुठे पडला, ते आज बघू.

मी आधीच सांगून टाकतो मला काय वाटतं ते. आपल्याकडे एक शब्द आहे, नेम. रोज तुळशीला पाणी घालायचा नेम, शनिवारी मारुतीला जायचा नेम. मूड असो नसो, पाऊस असो नसो. या दोघांनी १९५९ मध्ये एक नेम धरला आणि २००७ मध्ये बेर्न्ट जाईपर्यंत तो सोडला नाही. जवळजवळ पन्नास वर्षं. त्यांचा जो काही प्रभाव जगावर पडला तो या नेमातून पडला, असं माझं मत आहे.

पेन्सिल मागे पडली

बेर्न्टचा जन्म १९३१ चा, जर्मनीतल्या झीगेन नावाच्या गावातला. हा सगळा भाग लोखंडाचा. खाणी, भट्ट्या, त्यांच्या आजूबाजूला कामगारांची घरं. आपल्याकडे एखाद्याला गावचं देऊळ आणि नदीचा घाट आठवावा तशी बेर्न्टला ही यंत्रं आठवायची. पुढे तो चित्रकला शिकला आणि त्याला वाटलं, गावाजवळची ती जुनी खाण नीट, बारकाईने चितारावी.

तो चित्र काढायला बसला आणि तिकडे खाण पाडायला सुरुवात झाली. हा आज एक भाग काढणार, तोवर उद्या तो भाग जागेवर नाही. पेन्सिलचा वेग पाडकामाच्या वेगाला पुरेना. म्हणून त्याने कॅमेरा घेतला. फोटोग्राफीची आवड वगैरे म्हणून नाही, निव्वळ सोय म्हणून. आत्ता फोटो काढून ठेवू, चित्र नंतर सावकाश काढू.

हिलाबाईंची गोष्ट उलटी. त्यांचा जन्म १९३४ चा, बर्लिनजवळच्या पोट्सडामचा. त्या रीतसर फोटोग्राफी शिकलेल्या. तिथल्या एका फोटोग्राफरकडे उमेदवारी केलेली, त्यामुळे मोठा कॅमेरा, डार्करूम, प्रिंट हे सगळं हातात बसलेलं. १९५७ मध्ये ड्युसेलडॉर्फ शहरात दोघांची ओळख झाली. तिथे दोघं एका जाहिरात कंपनीत काम करत होते. १९५९ पासून एकत्र फोटो काढायला लागले आणि १९६१ मध्ये लग्न केलं. यापुढे कुठल्याही फोटोवर 'हा बेर्न्टचा, तो हिलाचा' असं नाव नाही. सगळे दोघांचे.

आता त्या वेळी जर्मनीत काय चाललं होतं? १९५८ च्या आसपास रूर खोऱ्यात कोळशाचं संकट सुरू झालं. बाहेरून स्वस्त तेल यायला लागलं, बाहेरचा कोळसाही स्वस्त पडायला लागला. एकेक खाण बंद होऊ लागली. हे एका रात्रीत झालं नाही. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली ती थेट २०१८ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे साठ वर्षं एक आख्खं जग हळूहळू मिटत होतं आणि हे दोघं त्याच्या पुढे दोन पावलं राहायचा प्रयत्न करत होते.

आणि त्या वेळी हे कुणाला जपावंसं वाटत नव्हतं. किल्ला पाडताय म्हटलं तर लोक रस्त्यावर येतील. चर्च पाडताय म्हटलं तर येतील. पण गंजलेली झोतभट्टी? ती काळी, घाणेरडी, बेरोजगारीची आठवण करून देणारी. गेली तर बरंच, असं वाटणारे लोक पुष्कळ होते.

नियम काय होते

आता जरा त्यांच्या पद्धतीकडे येऊ, कारण खरा माल इथे आहे.

नियम पहिला: आकाश ढगाळ पाहिजे. ऊन पडलं की सावल्या पडतात, अर्धी वस्तू अंधारात जाते, अर्धी चमकते. ढगाळ हवेत उजेड सगळीकडे सारखा असतो. आकाशाचा मागे एक साधा पडदा होतो आणि टाकी कापून चिकटवल्यासारखी स्पष्ट दिसते. म्हणून ऊन निघालं की थांबायचं. आपण ज्याला 'गोल्डन अवर' म्हणून धावत सुटतो, ते यांच्या बिलकुल कामाचं नव्हतं.

नियम दुसरा: कॅमेरा उंचावर पाहिजे. जमिनीवरून टॉवरचा फोटो काढून बघा. फोन वर वाकवावा लागतो आणि टॉवर मागे कलल्यासारखा दिसतो, वर निमुळता होतो. हे होऊ नये म्हणून ते शिडी लावायचे, मचाण बांधायचे, शेजारच्या इमारतीवर किंवा टेकाडावर चढायचे. वस्तूच्या साधारण मध्यापर्यंत आपली नजर यायला पाहिजे. शिवाय त्यांचा कॅमेरा भात्याचा, मोठ्या निगेटिव्हचा. त्यात लेन्स तेवढी वर सरकवता येते आणि मागची फिल्म सरळ उभी राहते. त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. आज फोनच्या एडिटमध्ये आपण जी 'पर्स्पेक्टिव्ह'ची पट्टी सरकवतो ना, ते काम हे लोक जागेवर, जड सामान खांद्यावर घेऊन करत होते.

नियम तिसरा: माणूस नको, गाडी नको, धूर नको. लक्ष फक्त वस्तूवर.

नियम चौथा: पुढची वस्तूही अशीच. याच अंतरावरून, याच कोनातून, याच उजेडात.

चौथा नियम ऐकायला सोपा वाटतो आणि तोच सगळ्यात अवघड आहे. पहिले तीन नियम आपण एका रविवारी पाळू शकतो. चौथा पाळायला आयुष्य लागतं. त्यांनी फोक्सवॅगनची व्हॅन घेतली, कॅमेरे, ट्रायपॉड, शिड्या टाकल्या आणि निघाले. रूरपासून सुरुवात, मग बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स. १९६६ मध्ये सहा महिने इंग्लंड आणि दक्षिण वेल्समध्ये. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो. प्रत्येक ठिकाणी कारखान्याकडून परवानगी काढायची. साहेबाला समजावायचं की बाबा, मला तुमच्या मालाचा फोटो नको, तुमच्या टाकीचा पाहिजे. मग ढग यायची वाट बघायची.

हे किती जमतं ते बघायला मी गेल्या पावसाळ्यानंतर स्वतः करून पाहिलं. तालुक्यातल्या पाण्याच्या टाक्या, सिमेंटच्या, खांबांवर उभ्या असलेल्या. ठरवलं की बारा टाक्या, सगळ्या समोरून, सगळ्या ढगाळ हवेत. तीन रविवारांत चार झाल्या. एका ठिकाणी आकाश चक्क निळं पडलं. एका ठिकाणी समोर उभं राहायला जागाच नाही, शाळेची भिंत. तिसऱ्या गावात मी शाळेच्या गच्चीवर चढून फोटो काढतोय तर खालून एक आजोबा ओरडले, "काय हो, पाडताय का टाकी?"

मी म्हटलं, "नाही आजोबा, नुसता फोटो."

ते म्हणाले, "मग कशाला काढताय?"

आणि खरं सांगतो, त्यांच्या प्रश्नात आजचा सगळा विषय आहे. टाकीचा फोटो कुणी काढत असेल तर दोनच कारणं असू शकतात, नवीन बांधल्याचं बिल किंवा जुनी पाडायचा ठराव. मधली जी चाळीस वर्षं टाकी उभी राहून गावाला पाणी देते, त्या काळात तिच्याकडे कुणी बघत नाही.

पण त्या चार फोटोंनी मला एक गोष्ट शिकवली. चारही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले तेव्हा दिसलं की एकीचा जिना आतून आहे, एकीला बाहेरून लोखंडी शिडी आहे. एकीला सहा खांब, एकीला आठ. एकीवर कुणीतरी हौसेने कमळ काढलंय. आयुष्यभर या टाक्या बघितल्या होत्या, पण हे फरक कधी दिसले नव्हते.

नऊ एकत्र का?

बेशर दांपत्याची युक्ती हीच. एक टाकी बघितली तर ती नुसती टाकी. नऊ टाक्या एका चौकोनात लावल्या की डोळा आपोआप तुलना करायला लागतो. ही गोल, ती दंडगोल. ही विटांची, किल्ल्याच्या बुरुजासारखी, ती पोलादी पायांवरची, कोळ्यासारखी. काम सगळ्यांचं एकच, पाणी उंचावर साठवायचं म्हणजे ते आपल्या वजनाने खाली येईल. पण त्या एका कामाची किती रूपं! आणि ही रूपं बनवणाऱ्या इंजिनिअरांनी 'सुंदर काहीतरी करू' असं ठरवलेलं नव्हतं. म्हणून १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाचं नाव आहे 'अनामिक शिल्पं'. शिल्पकलेच्या बक्षिसाचा उलगडा आता झाला असेल.

आठवा, शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात पानांचे प्रकार असायचे. त्यातलं कुठलंच पान 'सुंदर' म्हणून छापलेलं नसायचं, पण सगळी शेजारी बघितली की निसर्ग काय काय करू शकतो ते कळायचं. हिलाबाईंना अशा जुन्या शास्त्रीय चित्रांचं आकर्षण होतं. त्यांनी तेच कारखान्यांना लावलं.

आणि तुलनेतून नुसता आकार कळत नाही, इतिहासही कळतो. एक उदाहरण देतो. झीगेनच्या भागात लाकडी चौकटीची कामगारांची घरं आहेत. पांढऱ्या भिंती, त्यावर काळ्या लाकडांची नक्षी. या घरांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले आणि १९७७ मध्ये पुस्तक केलं. जर्मनीत इतरत्र अशा घरांवर पुष्कळ शोभेचं लाकूडकाम असतं. इथे नाही. इथे प्रत्येक लाकूड घर उभं ठेवायच्या कामाला लावलेलं. कारण लोखंडाच्या भट्ट्यांना कोळशासाठी लाकूड हवं होतं आणि घरात किती लाकूड वापरायचं यावर १७९० मध्ये कायद्यानेच बंधन आणलं. म्हणजे घराचा चेहरा भट्टीने ठरवला. एका घराच्या फोटोत हे दिसणार नाही. शेकडो घरं एकसारख्या नजरेने बघितली तर दिसतं.

फोटोंमुळे काही वाचलं का?

हा प्रश्न मला कायम पडतो. नुसते फोटो काढून काय होतं?

डॉर्टमुंड शहरात झोलर्न नावाची खाण आहे. तिचं यंत्रघर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, पोलाद आणि काचेचं, दरवाज्यावर रंगीत काचांची सुंदर वेलबुट्टी. खाण बंद झाली आणि १९६९ मध्ये हे यंत्रघर पाडायची वेळ आली. तेव्हा काही वास्तुकार आणि कलाकारांनी सरकारकडे धाव घेतली, त्यात बेशर दांपत्यही होतं. यंत्रघर वाचलं. कारखान्याची इमारत हा जपण्यासारखा वारसा असू शकतो, ही कल्पना जर्मनीत रुजायला जिथून सुरुवात झाली त्यातलं हे महत्त्वाचं उदाहरण. आज तिथे संग्रहालय आहे. पुढे २००१ मध्ये तर जवळच्याच एसेन शहरातली झोलफेराइन खाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आपल्या अजिंठ्याच्या यादीत कोळशाची खाण!

याचं सगळं श्रेय फोटोंना देणं बरोबर नाही. पण लोकांची नजर बदलायला वेळ लागतो, आणि तोवर कुणीतरी बघत राहावं लागतं. त्यांनी काढलेल्या फोटोंतल्या बहुतेक वस्तू आज जागेवर नाहीत. त्या फक्त या फोटोंत उरल्या आहेत.

मुंबईतून ऐकणाऱ्यांना आत्तापर्यंत गिरणगाव आठवलंच असेल. १९८२ चा संप, त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या, त्यांच्या जागी आलेले मॉल आणि टॉवर. परळ-लालबागला राहणाऱ्यांनो, तुमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये गिरणीच्या एखाद्या धुराड्याचा फोटो आहे का? लग्नाचा नाही, बारशाचा नाही, फक्त धुराड्याचा? बघा जरा.

गुरू आणि त्यांचे शिष्य

प्रभाव म्हटला की त्याची एक वंशावळ असते. बेशर दांपत्याच्या आधी आउगुस्ट झांडर होता. झीगेनच्याच परिसरातल्या हेर्डोर्फ गावचा, खाणीत काम करणाऱ्या सुताराचा मुलगा. त्याने जर्मन समाजातल्या सगळ्या थरांतल्या माणसांचे फोटो, शेतकरी, वकील, आचारी, भिकारी, असे गटवार काढायचं ठरवलं होतं. १९२९ मध्ये त्यातल्या साठ फोटोंचं पुस्तक आलं. १९३६ मध्ये नाझींनी त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले. माणसं जशी आहेत तशी शांतपणे दाखवणंसुद्धा सत्तेला खुपू शकतं, हे त्यातून कळतं. आज कोलोनमधल्या एकाच संस्थेत झांडरचा आणि बेशर दांपत्याचा, असे दोन्ही संग्रह आहेत.

आता पुढची पिढी. १९७६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीने बेर्न्टला फोटोग्राफीचा प्राध्यापक नेमलं. कागदोपत्री प्राध्यापक बेर्न्ट, शिकवायचे दोघं. त्या वर्गातून कोण बाहेर पडलं बघा: कांडिडा ह्योफर, टोमास श्ट्रूट, टोमास रूफ, आंद्रेआस गुर्स्की. आजच्या कलाजगतातली ही सगळी मोठी नावं.

आणि यातलं कुणीही पाण्याच्या टाक्यांचे फोटो काढले नाहीत! ह्योफर रिकामी ग्रंथालयं आणि दालनं टिपतात. श्ट्रूटने ओस पडलेले रस्ते टिपले, पुढे संग्रहालयात चित्रं बघणारी माणसं. रूफने मित्रमैत्रिणींचे पासपोर्ट फोटोसारखे कोऱ्या चेहऱ्याचे फोटो काढले आणि माणसापेक्षा मोठे छापले. गुर्स्की रंगीत, भिंतीएवढे फोटो करतो आणि कॉम्प्युटरवर त्यात बदलही करतो.

गुर्स्कीचा 'ऱ्हाइन २' नावाचा फोटो आहे, १९९९ चा. हिरवं गवत, मधून वाहणारी नदी, वर राखाडी आकाश, बाकी काही नाही. २०११ मध्ये तो ४३ लाख डॉलरच्या वर विकला गेला आणि तेव्हा जगातला लिलावात विकलेला सगळ्यात महाग फोटो ठरला. आता ऐका. नदीच्या पलीकडच्या काठावर एक कारखाना होता. गुर्स्कीने तो कॉम्प्युटरवर पुसून टाकला. गुरूंनी आयुष्य घालवलं कारखाने टिपण्यात आणि शिष्याने कारखाना पुसला!

मग प्रभाव कसला? मला वाटतं तो विषयाचा नव्हता. राखाडी आकाश तसंच आहे. समोरून, शांतपणे बघणं तसंच आहे. एकाच गोष्टीवर वर्षानुवर्षं टिकून राहणं तसंच आहे. चांगला गुरू रियाज कसा करायचा ते देतो, राग कुठला गायचा ते शिष्य ठरवतो. तसं काहीसं.

अमेरिकेतही असंच झालं. १९७५ मध्ये रोचेस्टर शहरात 'न्यू टोपोग्राफिक्स' नावाचं प्रदर्शन भरलं. डोंगर-दऱ्यांच्या भव्य फोटोंऐवजी तिथे नव्या वसाहती, गोदामं, पार्किंग, मोटेल अशा साध्या जागांचे थंड डोक्याने काढलेले फोटो होते. त्यातले बाकी सगळे अमेरिकन, बाहेरचे फक्त बेशर दांपत्य. आज इन्स्टाग्रामवर कुणी फक्त जुन्या दुकानांच्या पाट्या टाकतं, कुणी फक्त एसटी स्टँड, कुणी फक्त वाड्यांचे दरवाजे. त्यांना बेशर हे नाव माहीत असेलच असं नाही, पण बघायची ही रीत कलेत कुणी पक्की केली, तर यांनी.

माणसं कुठे गेली?

आता यांच्यावरचा आक्षेपही सांगायला हवा, कारण तो खरा आहे. हे सगळे कारखाने, खाणी. तिथे हजारो लोक राबले. अपघात झाले, संप झाले. रूरच्या उद्योगांनी दुसऱ्या महायुद्धात पकडून आणलेल्या माणसांकडून सक्तीने काम करून घेतलं. यातलं या फोटोंत काहीच नाही. स्वच्छ, शांत, रिकामे आकार. मग हे सौंदर्य कुणाच्या जिवावर, असं कुणी विचारलं तर ते चूक कसं म्हणायचं?

मी यावर बराच विचार केलाय आणि माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. नियम केला की काहीतरी चौकटीबाहेर जाणारच, आणि इथे बाहेर गेला तो कामगार. ही किंमत छोटी नाही.

पण एक मालिका मला थोडं वेगळं सांगते. १९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात त्यांनी छोट्या कोळसा खाणींवरचे लाकडी सांगाडे टिपले. हे कुठल्या मोठ्या कंपनीचे नव्हते. बेकार झालेल्या खाणकामगारांनी मिळेल ती फळी, मिळेल तो ओंडका वापरून ठोकून उभे केलेले. एकही खांब सरळ नाही, कधी पडेल सांगता येत नाही. या फोटोंतही माणूस नाही. पण खिळा कुठे मारलाय, टेकू कुठे दिलाय, ते बघितलं की त्या माणसाची गरज दिसते, हुशारी दिसते, गरिबी दिसते. घरातून माणूस बाहेर गेलेला असावा आणि चपला दारात असाव्यात, तसं. तुम्ही ती मालिका बघा आणि मला सांगा तुम्हाला काय वाटतं. माझ्याशी सहमत व्हायलाच पाहिजे असं नाही.

आपल्या फोनचं काय?

शेवटाकडे येतो. माझ्या फोनमध्ये आत्ता अकरा हजारांवर फोटो आहेत. तुमच्याकडेही कमी नसतील. त्यात जेवणाची ताटं आहेत, सूर्यास्त आहेत, गुड मॉर्निंगची फुलं आहेत, बिलांचे फोटो आहेत. माझ्यानंतर हे कुणाच्या काही कामाचं असेल का? मला नाही वाटत. कारण त्यांच्यात एकमेकांशी काही नातं नाही. बेशर दांपत्याचा प्रत्येक फोटो दुसऱ्या फोटोला बळ देतो, म्हणून ते दोघं नसतानाही संग्रह बोलतो. बेर्न्ट २००७ मध्ये गेले, हिलाबाई २०१५ मध्ये. काम चालूच आहे.

त्यांच्याकडचा मोठा कॅमेरा आपल्याला परवडणार नाही, पण नियम फुकट आहेत. म्हणून एक गृहपाठ देतो. एक वस्तू निवडा. तुमच्या गावातली, गल्लीतली, जिच्याकडे कुणी बघत नाही अशी. पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, एसटीचा थांबा, विहिरीवरचा रहाट, डीपी, काहीही. ढगाळ दिवशी, समोरून, फोन सरळ धरून फोटो काढा. जागा आणि तारीख लिहून ठेवा, हे विसरू नका. मग तशीच दुसरी वस्तू शोधा. नऊ झाल्या की चौकोनात लावा. कुणाच्या खाजगी जागेत जाणार असाल तर आधी विचारा, आणि शिडीवर चढताना खाली कुणीतरी उभं असू दे.

माझ्या टाक्या अजून आठ बाकी आहेत. त्यातली एक, जुनी, दगडी जोत्यावरची, पुढच्या उन्हाळ्याआधी उतरवणार असं ग्रामपंचायतीत ऐकलंय. तेव्हा ढग यायच्या आत परवानगी काढून ठेवतोय.

तुमचे चौकोन तयार झाले की पाठवा. पत्ता नेहमीचाच, खाली दिलाय. आणि हा भाग आवडला तर त्या एका मित्राला पाठवा जो प्रत्येक ट्रिपला सगळ्यांना थांबवून फोटो काढत बसतो. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा.